पोचणार असशील तिथे

सई, काल व्हिडिओ कॉलवर तू मला तुमचा अमेरिकेतला लांबट फुटबॉल फेकायला शिकवलास. इथे तसा चेंडू नाही, म्हणून मी असोला, सालासकटचा नारळ धरला होता.

“आजी, बोटं टाक्यांवर आहेत असं समज. कोपर वर. आणि पळणारा आहे तिथे नाही, पोचणार असेल तिथे फेक!”

“आणि नाही पोचला तर?”

“तर चेंडू पडतो गं! किती काळजी करतेस!”

नारळ ठेवून मी तुझा स्वेटर हातात घेतला. नेहमीसारखा वाढत्या अंगाचा विणते आहे. शेवटचं जवळ घेतलं तेव्हा तू माझ्या खांद्याला लागत होतीस. पुढचा सगळा अंदाज. दूरच्या नातवंडांना काही पाठवायचं म्हणजे असंच रिकाम्या जागेकडे फेकणं. सकाळपासून बाह्या उसवते आहे, पुन्हा विणते आहे.

पार्सल उद्या निघेल. हात पुढे कर, बाळा.