भावाचा पुरस्कार टीव्हीवर

माझा धाकटा भाऊ मुंबईत नाटकांची प्रकाशयोजना करतो. जबलपुरात कोणी विचारलं तर आई सांगते, "नाटकात आहे." मग समोरचा विचारतो, "अच्छा, हीरो है?" आणि तिला सगळं समजावून सांगत बसावं लागतं. मागच्या वर्षी भावाला प्रकाशयोजनेचा पुरस्कार मिळाला, आणि समारंभ टीव्हीवर दाखवणार असं कळलं, तेव्हा आईला वाटलं, चला, आता समजावून सांगायला नको.

समारंभ होऊन गेलेला होता. ट्रॉफी हातात घेतलेल्या भावाचा फोटो आईने ओळखीच्या सगळ्यांना पाठवलाही होता. प्रसारण त्यानंतरच्या एका रविवारी संध्याकाळी होतं. भावाने फोन करून बजावलं, "बघा, पण कोणाला बोलावू नका. ते बरंच कापतात." आईने त्यातलं 'बघा' तेवढं ऐकलं.

बाबा वीज खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या सांगण्यावरून भावानेही इलेक्ट्रिकलच केलं. पण कॉलेजात असतानाच तो एका हिंदी नाट्यमंडळीत जायला लागला. गणेशोत्सवात तेलाच्या रिकाम्या डब्यांत बल्ब बसवून नाटकांना उजेड करायचा. डिग्री हातात पडली आणि तो मुंबईला निघाला. बाबा भांडले नाहीत. "लाइटचंच काम करायचं तर आपल्या खात्यात काय वाईट आहे?" एवढंच म्हणाले. पुढे बाबा मुंबईला गेले, त्याच्या घरी राहून आले, पण त्याचं नाटक काही त्यांनी पाहिलं नाही. नाट्यगृहाचे जिने गुडघ्यांना झेपत नाहीत म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं.

माझा नवरा फौजेत आहे, सारखा बाहेर असतो, म्हणून मी आणि माझी मुलगी जबलपुरात राइट टाउनला आई-बाबांकडेच राहतो. आमच्या वरच्या मजल्यावर बँकेत नोकरी करणारा एक मुलगा आणि त्याची बायको भाड्याने राहतात. दोघं पुण्याचे, बदली होऊन आलेले. भावाला ज्या नाटकासाठी पुरस्कार मिळाला ते त्यांनी पुण्यात पाहिलं होतं. आईने त्यांना बोलावलं. मी सदर बाजारातून खव्याची जिलबी आणली, आणि आईने मंगोड्यांची, म्हणजे मुगाच्या भज्यांची, डाळ वाटून ठेवली.

आमच्याकडे मराठी चॅनेल लागत नव्हतं. माझ्या मुलीने टीव्हीवर चॅनेलचं अ‍ॅप लावलं. त्यात मागे-पुढेही करता यायचं.

सुरुवातीला बराच वेळ नाचच चालले. मग दोन विनोदी नटांनी समोर बसलेल्यांच्या नकला केल्या.

"नाटकाचे पुरस्कार आहेत ना?" आई म्हणाली. "मग हे नाचून काहून राहिले?"

"काकू, नुसते पुरस्कार कोण बघणार?" बँकवाला म्हणाला.

"आम्ही बघून राहिलो ना."

लेखनाचा पुरस्कार झाला, मग एक गाणं झालं. प्रकाशयोजनेला अजून वेळ आहे असं सगळ्यांनी धरलं आणि आई मंगोडे तळायला आत गेली. तेवढ्यात पडद्यावर एकाच वेळी चार चौकोन आले. संगीत, नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा. एक बाई भराभर नावं वाचत होती. खालच्या कोपऱ्यात भाऊ दिसला. त्याने ट्रॉफी घेतली, मान खाली घातली, आणि जाहिराती सुरू झाल्या.

"आई, ये लवकर!" मी ओरडले. ती झारा घेऊन धावत आली, तर पडद्यावर साबणाची जाहिरात.

"नानी, रुको, पीछे करती हूँ," मुलगी म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, बोलायची वेळ आली की हिंदी. तिने मागे नेलं आणि चौकोन आल्याबरोबर थांबवलं. भावाचे डोळे अर्धवट मिटलेले होते. आई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

"भाषण नाही केलं त्याने?"

"केलं असेल. यांनी कापलं."

वरच्या मुलीला, बँकवाल्याच्या बायकोला, राग आला. "दरवर्षी असंच करतात, काकू. पडद्यामागच्यांना गुंडाळून टाकतात."

"बरोबरच आहे," बाबा म्हणाले. "लोक नटांना बघायला बसतात. लाइटवाल्याला कोण बघणार?"

"तुम्ही तर बोलूच नका," आई म्हणाली आणि आत गेली. मंगोडे आले ते थोडे करपलेले होते. सगळ्यांनी ते तसेच खाल्ले. टीव्ही बंद करावा असं मला वाटत होतं, पण पाहुण्यांसमोर ते बरं दिसलं नसतं, म्हणून चालू राहिला.

पुढे अभिनेत्रीचा पुरस्कार आला. तो भावाच्याच नाटकातल्या नटीला मिळाला, आणि नाव पुकारण्याआधी नाटकाचा तुकडा दाखवला. स्वयंपाकघर, आई आणि लेक भांडताहेत, दुपारची वेळ. आई झालेली ही नटी ओट्याकडे पाठ करून उभी राहते आणि बोलता बोलता खाली बसते. मला तरी भांडणच दिसलं.

"मागे घे," बाबा अचानक म्हणाले.

माझ्या मुलीने मागे घेतलं.

"थांबव. हिच्या तोंडावर उजेड कुठून येऊन राहिला?"

"खिडकीतून," वरची मुलगी म्हणाली. "जमिनीवर गजांची सावली आहे बघा."

"खिडकी कुठे आहे?"

सगळे बघायला लागलो. ओटा होता, फळी होती, तिच्यावर डबे होते. ज्या बाजूने ऊन येत होतं तिथे नुसता काळा पडदा.

"होती खिडकी," ती म्हणाली. "मी पाहिलीय. उजव्या हाताला."

"नव्हती," तिचा नवरा म्हणाला.

"अरे, आपण शेजारी शेजारी बसलो होतो! ती आई मध्ये एकदा खिडकीतून बाहेर बघते, आठव."

"ती उजेडाकडे बघते. खिडकी नव्हतीच."

माझ्या मुलीने तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला. मग अजून एकदा. खिडकी कुठेच नव्हती. वरची मुलगी म्हणाली, "कमाल आहे, मी तर शपथेवर सांगितलं असतं." बाबा हसायला लागले. मग त्यांनीच दाखवलं की तुकड्याच्या सुरुवातीला गजांची सावली ओट्याच्या पायाशी आहे आणि शेवटी ती नटीच्या पदरावर आली आहे. "ऊन सरकवलं पोट्ट्याने," ते म्हणाले. "भांडता भांडता दुपार उतरली."

आई आतून येऊन दारात उभी राहिली. नटीने आभार मानले. निर्माते, दिग्दर्शक, सासूबाई, शाळेतल्या बाई.

"याचं नाव नाही घेतलं," आई म्हणाली.

"न घेऊ दे," बाबा म्हणाले. "ती त्याच्याच उजेडात बसली आहे."

त्यानंतर बाबांनी जिलबीला हात लावला नाही, एवढं लक्ष लावून बसले. दुसऱ्या नाटकाचा तुकडा आला की विचारायचे, "हे त्याचं आहे का?" मी नाही म्हटलं की म्हणायचे, "दिसतंच आहे. सगळीकडे सारखा उजेड, जसा ऑफिसात." एका ऐतिहासिक नाटकात तर मशालीची सावली उलट्या बाजूला पडते, हे त्यांनी बँकवाल्याला तुकडा थांबवून समजावलं.

"आता आले मोठे परीक्षक," आई म्हणाली, पण तिचा सूर नरमला होता.

कार्यक्रम संपायच्या आतच बाबांनी भावाला फोन लावला. एरवी त्याचा फोन आला की तब्येत विचारून ते फोन आईकडे देतात. त्यामुळे भाऊ आधी घाबरला. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. तो खिडकीचा लाइट कुठे लावतो तू?"

मग भावाने सांगितलं की विंगेत उंच स्टँडवर लावतो, त्याच्यापुढे पट्ट्यांची चौकट असते, आणि ती चौकट एक माणूस पूर्ण प्रवेशभर हळूहळू फिरवत राहतो.

"किती वॉटचा?"

"हजार."

"वायर तापत नाही?"

तिथून दोघं कनेक्शन आणि लोडवर गेले. आई शेजारी हात पुढे करून उभी होती. तिला चौकोनांबद्दल तक्रार करायची होती. फोन तिच्या हाती आला तोवर भाऊच म्हणाला, "अगं, जाऊ दे. मला माहीत होतं कापणार म्हणून. बाबा काय काय विचारून राहिले, पाहिलंस?" आईने तक्रार केली नाही. जेवलास का, विचारलं.

हिवाळ्यात ते नाटक नागपूरला आलं. आम्ही सगळे रेल्वेने गेलो. नाट्यगृहाला जिने होते. बाबा कठडा धरून एकेक पायरी चढले, पण आमच्याजवळ बसले नाहीत. मागे, जिथून लाइट चालवतात त्या खोलीत, भावाच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी पूर्ण नाटक पाहिलं. मध्यंतरात मी चहा घेऊन गेले तर भाऊ कोणत्या बटणाने काय होतं ते सांगत होता आणि बाबा मान हलवत होते.

परतीच्या गाडीत आईने विचारलं, "कसं वाटलं मग?"

"काम साफ आहे त्याचं," बाबा म्हणाले. "पण त्या हॉलचं अर्थिंग बरोबर नाही. मी तिथल्या मॅनेजरला सांगून आलो."