शेजारच्या टेबलाची सनद

शहापूरच्या कोर्टात माझं टेबल आणि त्याचं टेबल यांच्यामध्ये एक लोखंडी कपाट उभं आहे. कपाट बार असोसिएशनचं, पण त्याचा आडोसा म्हणून उपयोग मी एकटाच करतो. पलीकडे किती माणसं बसलीत ते दिसू नये, एवढीच माझी माफक अपेक्षा. दिसत नाहीत, पण ऐकू येतात. खर्डीची, आटगावची, आणि शहापुरात जमीन असलेली मुरबाडकडचीसुद्धा. मुरबाड हा माझा तालुका, माझं घर म्हसा गावाच्या अलीकडे. तरी तिकडची माणसं माझ्या टेबलावरून पुढे जाताना मलाच विचारतात, "ते वकीलसायेब कुठं बसतात हो?" आणि मी हात करून दाखवतो.

मला त्याचा हेवा वाटतो. हे मी लपवत नाही, लपतही नाही. आम्ही वकिलीची सनद एकाच दिवशी घेतली. कायदा मला त्याच्यापेक्षा जास्त येतो, हे तोही मान्य करतो आणि मोकळेपणाने हसतो, ते तर मला अजिबात सहन होत नाही. एकदा म्हशाच्या जत्रेत आम्ही दोघे बैलांच्या बाजारातून चाललो होतो. चार पावलं टाकली की त्याला रामराम, चार पावलं टाकली की रामराम. एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून त्याला विचारलं, "हे तुमचे कारकून का?" तो म्हणाला, "नाय बाबा, हे माझ्याहून मोठे वकील." म्हाताऱ्याने मान हलवली, पण त्याला ते पटलेलं नव्हतं.

अशा माणसावर तक्रार झाली तेव्हा मला काय वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

झालं होतं असं. खर्डीच्या पुढच्या एका पाड्यावरची बाई, तिच्या शेतावर जायची वाट दिराने अडवली होती. तिने याला वकील केलं, याने दिराला नोटीस पाठवली. मग दीर गप्प बसला, काम थंड पडलं. पुढे वर्षा-दीड वर्षाने दिरानेच दावा लावला, आणि तो आला कुणाकडे? तर याच्याकडेच! याने वकीलपत्र घेतलं, दाव्यात लिहिलं की वाट तिथे कधी नव्हतीच, आणि तारखेला दिराच्या बाजूने उभा राहिला. कोर्टात मागे बसलेली ती बाई उठली आणि म्हणाली, "सायेब, ह्ये तर माझे वकील हायेत!"

मी तेव्हा कोर्टात नव्हतो. पण बाररूममध्ये हा प्रसंग मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला, की आता मीच तिथे होतो असं वाटतं. तो लबाड नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. तो विसरला होता. इतके पक्षकार, की आपण कुणाच्या बाजूचे हेच लक्षात राहिलं नाही. मला माझ्या प्रत्येक पक्षकाराचं तोंड पाठ आहे, कारण ती तोंडं मोजकीच आहेत. त्याच्या गुन्ह्याचासुद्धा मला हेवा वाटला.

शहापुरात तिची तक्रार लिहून द्यायला कुणी तयार झालं नाही. बारमधलं बारमध्येच ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. शेवटी तिच्या भाच्याने कल्याणहून लिहून आणली, प्रतिज्ञापत्र केलं आणि तक्रार मुंबईला, सनद देणाऱ्या बार कौन्सिलकडे गेली. त्याला उत्तर मागणारी नोटीस आली. उत्तर गेलं. मग बरेच महिने काहीच नाही. आणि मग कळलं, की कौन्सिलला तक्रारीत तथ्य दिसतंय आणि प्रकरण शिस्तपालन समितीकडे दिलंय. समिती म्हणजे न्यायाधीश नव्हेत, आपल्यासारखेच तीन वकील. पण त्या तिघांच्या हातात ताकीद देण्यापासून सनद कायमची काढून घेण्यापर्यंत सगळं असतं. सनद गेली की काळा कोट खुंटीला. त्याचं टेबल, ती गर्दी, ते रामराम, सगळं एका कागदावर जाणार होतं. मला रात्री चांगली झोप लागायला लागली.

बाररूममध्ये मात्र उपाय ठरला. आम्ही तालुक्याचे वकील. आम्हाला सगळे रोग सारखे आणि औषध एकच, तडजोड. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं, आपसात मिटलं असा अर्ज लिहायचा, त्याला आम्ही पुरसीस म्हणतो, सह्या-अंगठे घ्यायचे, दावा निकाली. बांधाचे दावे असेच मिटतात, नवराबायकोचे मिटतात, मग हे का नाही मिटणार? ठरलं की साडी-नारळ घेऊन पाड्यावर जायचं, बाईची माफी मागायची आणि पुरसीस समितीकडे द्यायची.

मी तेव्हाच म्हणालो, "अरे, हा दिवाणी दावा नाही. तक्रारदाराने माघार घेतली म्हणून ही चौकशी बंद होत नाही. नियमातच तसं आहे. आणि पुरसिशीत चूक झाली म्हणून लिहाल तर ती तुमचीच कबुली होईल."

कुणीतरी मागून बोललं, "याच्या पोटात दुखतंय. ओवा द्या रे याला!"

सगळे हसले. तोही हसला. आयुष्यात एकदा मी त्याच्या भल्याचं बोललो, आणि तेच कुणाला खरं वाटलं नाही. मी गप्प बसलो नाही, पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगितलं. जितकं सांगावं तितका त्यांचा संशय पक्का होत गेला. घरी बायको म्हणाली, "तुमी एवढं पोटतिडकीने सांगितलंत ना, तिथंच चुकलं. त्याच्या बाबतीत तुमी असे कधी बोलता?"

मंडळी पाड्यावर जाऊन आली. बाईने चहा दिला, नारळ घेतला, साडी परत केली आणि अंगठा दिला. पुरसीस मुंबईला गेली आणि व्हायचं तेच झालं. समितीने सांगितलं, बाईंनी माफ केलं हे त्यांच्या मनाचं मोठेपण. पण तक्रार आता त्यांची एकट्यांची राहिलेली नाही, सगळ्या पेशाची आहे. आणि दोन्ही बाजूंचं काम घेतलं हे तर तुम्हीच लिहून दिलंय.

दुसऱ्या दिवशी तो कपाटाला वळसा घालून माझ्या टेबलाशी आला. इतक्या वर्षांत तो माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागायला येत होता. त्याने वकीलपत्र पुढे ठेवलं. त्याच्या नावापुढे पक्षकार, माझ्या नावापुढे वकील.

"तू एकटाच खरं बोललास," तो म्हणाला. "मला वाटलं, जळतोयस."

"जळतोच आहे," मी म्हणालो आणि सही केली.

समितीची सुनावणी बंद खोलीत होते. लांब टेबल, तिघे त्या बाजूला, आम्ही या बाजूला. एका कडेला ती बाई आणि तिचा भाचा. कबुलीमुळे लढायला काही उरलं नव्हतं. शिक्षा किती, एवढंच उरलं होतं. मी उठलो. मला वाटलं होतं, त्याचं कौतुक माझ्याच्याने होणार नाही. पण मी बोलायला लागलो आणि थांबेचना. हा माणूस पाड्यावरच्या म्हाताऱ्याला बाकावर बसवल्याशिवाय स्वतः बसत नाही. दावा हरलेला पक्षकारसुद्धा पुढच्या कामाला याच्याकडेच येतो. ज्याला कागद वाचता येत नाही त्याला हा तो कागद दोनदा वाचून दाखवतो. चूक हलगर्जीची आहे, लोभाची नाही. त्याचे गुण मला कुणी सांगायला नकोच होते. इतकी वर्षं कपाटाच्या अलीकडे बसून मी तेच तर मोजत आलो होतो.

सनद वाचली. काही महिन्यांचं निलंबन झालं. तेवढे दिवस त्याला देशातल्या कुठल्याही कोर्टात उभं राहता येणार नव्हतं. त्याने अपील केलं नाही. बाहेर येऊन त्याने माझे दोन्ही हात धरले. शहापुरात मात्र बातमी पोचली ती अशी, की नशीब बलवत्तर म्हणून वाचला.

पलीकडचं टेबल रिकामं पडलं. आता तरी माणसं माझ्याकडे वळतील, म्हणून मी टेबलावर नवीन काच बसवून घेतली. थोडी वळलीही. मग एके सकाळी तीच बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि माझी छाती फुगली. समोरच्या बाजूच्या वकिलाचं बोलणं ऐकून पुढचं काम त्या वकिलालाच देणारे पक्षकार मी आजवर शेजारच्या टेबलाकडेच जाताना पाहिले होते. माझ्याकडे आलेली ही पहिलीच. मी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला.

"बोला मावशी. वाटेचं काम का?"

"ते नाय. ते कल्याणच्या वकिलांकडं दिलंय. हे माझ्या पोरीचं हाय. सासरचे नांदवत नाय तिला."

मी ड्रॉवरमधून वकीलपत्र काढलं.

"तसं नाय सायेब," ती म्हणाली. "तुमी त्यांचे वकील ना, म्हणून तुमालाच ठावं असंल. ते परत कवा बसणार?"

माझा आवाज चढला. "अहो मावशी, त्यांच्यावर तक्रार तुम्हीच केलीत ना?"

"केली की. चुकला तर बोलायला नको? पन माझ्या वसरीत बसून चुकलो म्हनले, तवा डोल्यात पानी होतं त्यांच्या. तुमी तिथं मुंबईला लय चांगलं बोललात. पन तेवढ्या टायमात माझ्याकडं एकदा तरी बघितलंत का?"

मी आठवून पाहिलं. तिचं लुगडं कुठल्या रंगाचं होतं, तेही मला सांगता आलं नसतं.

"दिवाळीनंतर बसतील," मी म्हणालो.

"मंग थांबते. पोर घरातच हाय माझ्या."

तिने चहा संपवला. गाडीला अजून वेळ होता. ती उठली, कपाटाला वळसा घालून पलीकडे गेली, आणि त्याच्या रिकाम्या टेबलासमोरच्या बाकावर जाऊन बसली.