भवानीनगरच्या पुढे बंद पडलेली गाडी

सासूबाईंना डायलिसिससाठी बारामतीला न्यायचं काम आठ महिने माझ्याकडेच होतं. आमचे हे लोणी देवकरला कंपनीत, त्यामुळे गाडी मीच चालवायची. शेजारीण सोबत येते म्हणायची, पण मी नको म्हणायचे. रोज देवापुढे दिवा लावत होते, पण खरं सांगते, हात जोडले तरी आत काही उमटत नव्हतं.

त्यातच गाडी चालता चालता दम सोडू लागली. एका गॅरेजवाल्यानं फिल्टर बदलला. दुसरा म्हणाला, इंधनाचा पंप गेलाय, नवा येईपर्यंत जपून चालवा. त्या सोमवारी सकाळी भवानीनगर मागे पडलं आणि उसाच्या फडांमध्ये इंजिन बंद झालं. डायलिसिसची आदली खेप माझ्या तापामुळे चुकलेली. सासूबाईंचे पाय सुजलेले, बसल्या जागी धाप लागत होती. रुग्णवाहिकेला तास लागणार होता. स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तोंडातून एवढंच निघालं, "देवा, आता मला जमत नाही."

थोड्या वेळानं साठीचे एक गृहस्थ मोटारसायकल थांबवून आले. इंजिनदुरुस्तीचं काम करणारे होते. पिशवीतलं तपासणीचं यंत्र त्यांनी गाडीला जोडलं.

"ताई, इंजिन बंद हाय, मंजी इंधनाचं प्रेशर उतराय पायजे. हितं बघा, भरलेलंच दावतंय. पंप चांगला हाय. सेन्सर खोटं सांगतोय, म्हणून गाडी इंधन कमी घेती."

"मग आता?"

"त्याची पिन काढतो. गाडी अंदाजानं चालंल, हळू. पर चालंलच, असं वचन न्हाय देत."

"काढा, काका."

गाडी सुरू झाली. हॉस्पिटलच्या दारापर्यंत ते मोटारसायकलवर आमच्या पुढे राहिले. सासूबाईंना आत घेतल्यावर बाकावर बसून हळूच म्हणाले, "माझ्या मंडळींना दोन वर्सं हितंच आणत हुतो. ती गेल्यापास्नं ह्या रस्त्यानं आलोच न्हाय, लांबनं जातो. आज फाट्यावर हिकडं का वळलो, मलाच ठावं न्हाय."

त्यांचे डोळे भरले होते, माझेही.

दोन दिवसांनी त्यांनी घरी येऊन नवा सेन्सर बसवला आणि सासूबाईंच्या आग्रहानं जेवून गेले. त्या दिवसाला काय म्हणावं, मी ठरवलेलं नाही. पण आता शेजारीण "आज मी येते संगं" म्हणाली, की मी सरळ गाडीचं दार उघडते. देवाचा हात कुठून पुढे येईल, हे ठरवणारी मी कोण?