चौदा महिन्यांची ओळ

मेहताबभाईंनी बायोडेटा वहीच्या पानावर लिहून आणला होता. पहिली ओळ होती, 'चौदा महिने घरीच होतो.' दुसरी, 'डावा गुडघा दुखतो. मोटारसायकल चालवतो, पण फार वेळ उभा राहू शकत नाही.' नाव तिसऱ्या ओळीत होतं.

घोडेगावात मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. इंजिनिअरिंग झालेलं आहे आणि बायोडेटा कसा असावा याचे व्हिडिओ मी भरपूर पाहिले आहेत. म्हटलं, "भाई, स्वतःचं उणं कुणी आधी लिहितं का?"

"बाजारात आधीच सांगतो आमी," ते म्हणाले. त्यांचे वडील जनावरांच्या बाजारात दलाल होते. "म्हशीच्या आचळाचा एक सड बंद असला तर गिऱ्हाईकानं हात लावायच्या आधी बोलायचं. मागनं कळलं तर म्हैस परत येती, गिऱ्हाईक येत न्हाई."

"ही म्हैस नाही, मार्केटिंग ऑफिसरची जागा आहे."

"बरं. तुला पटंल तसं कर."

बाकावर रतनबाई पेन्शनच्या अर्जासाठी बसल्या होत्या. पान वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मेहताब, बायोडेटा हाय का पोलिसातला जबाब?" मी हसलो. मेहताबभाईंनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं.

अकरा वर्षं त्यांनी एका कंपनीचं पशुखाद्य विकलं होतं. मग बायको नाझनीन आजारी पडली म्हणून नोकरी सोडली. आता मुलगी मेहरीन बारावीला आणि घरात मिळवतं कुणी नाही. ही नवी कंपनी आमच्या नेवासा तालुक्यासाठीच माणूस शोधत होती.

"विक्री किती टक्के वाढवली?" मी विचारलं.

"टक्के न्हाई ठाऊक. त्रेसष्ट गावं फिरायचो. चांद्याच्या आदिनाथकडं अकरा म्हशी, त्यातली एक त्याच्या आईशिवाय कुणाला धार काढू देत न्हाई. तिला आमची पेंड चालत नव्हती, तर मीच त्याला म्हटलं, घेऊ नको."

मी टाइप केलं, 'त्रेसष्ट गावांतील ग्राहकांच्या गरजांची सखोल जाण.' गुडघा काढून टाकला. चौदा महिन्यांपुढे लिहिलं, 'स्वतंत्र पशुखाद्य सल्लागार.' वाचून दाखवल्यावर ते "हं" म्हणाले. सगळं एकाच सुरात बोलायचे ते तेव्हा. चहाला हो पण त्याच सुरात, आणि चहा तसाच राहायचा.

आठ दिवसांत मुलाखतीला बोलावणं आलं. मला फार आनंद झाला. नगरहून ते दुपारी परतले आणि बाकावर येऊन बसले.

"साहेबानं विचारलं, चौदा महिन्यांत कुणाला सल्ला दिला, दोन नावं सांगा."

"मग?"

"म्हटलं, कुणालाच न्हाई. घरी बसून भिंतीकडं बघत हुतो."

"असं कशाला सांगितलं, भाई?"

"विचारलं त्यानं. मग तो म्हणला, बाकीचं तरी खरं हाय का? मी गावं मोजायला लागलो. घोडेगाव, चांदा, सोनई. त्यानं कागद मिटला."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या कंपनीची जाहिरात दिसली. जागा कर्जत तालुक्यासाठी होती. मी जुनी फाइल उघडली आणि सल्लागाराची ओळ पुसली.

"इथं काय लिहू?"

ते स्क्रीनकडे बघत राहिले. "नाझनीन आजारी हुती. सहा महिने दवाखाना. मग गेली. पुढचे आठ महिने काईच केलं न्हाई."

"त्या कधी गेल्या, ती तारीख लागेल."

मोबाईल नंबर सांगावा तशी त्यांनी तारीख सांगितली. मी टाइप केली. गुडघाही लिहिला. मात्र अकरा वर्षांचं काम वर घेतलं आणि हे सगळं त्याच्या खाली, जिथल्या तिथे. आदिनाथच्या म्हशीची गोष्टसुद्धा दोन ओळींत घातली, तसं व्हिडिओत कुणी सांगत नाही. त्यांनी वाचलं. "हं," म्हणाले.

या वेळी मुलाखतीत चौदा महिन्यांचं कुणी काढलं नाही. गुडघ्याचं विचारलं, मोटारसायकल किती वेळ चालवता येते ते. आणि आदिनाथला पेंड घेऊ नको असं का म्हणालात, ते विचारलं. नोकरी मिळाली.

कर्जत इथून शंभरावर किलोमीटर. राहायचं तिथेच. मेहरीन परीक्षा होईपर्यंत आत्याकडे राहणार. त्या सगळ्या तालुक्यात मेहताबभाईंच्या ओळखीचा एक गोठा नाही.

"मी ते सल्लागार लिहिलं नसतं तर नेवासा मिळालं असतं, भाई."

"मिळालं असतं," ते म्हणाले. "कर्जतच्या गावांची यादी निघती का? मोठ्या अक्षरात काढ."

मी काढून दिली. चष्मा लावून ते तिथेच बाकावर वाचायला बसले. बोट एकेका नावाखालून सरकत होतं. पहिलं पान संपलं, बोट कुठेच थांबलं नाही. त्यांनी पान उलटलं.