उजळलेली प्रत

इथे जपानमध्ये, उरायासू शहरात, आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे वसईचे गृहस्थ प्रत्येक वाक्य ‘नाही, म्हणजे माझं आपलं मत’ असं म्हणून सुरू करतात. लिफ्टमध्येसुद्धा ते कोपऱ्याला चिकटून उभे राहतात. त्सुनामीत गेलेल्यांच्या प्रार्थनासभेसाठी त्यांनी ख्रिस्ताच्या दफनाच्या एका बरोक शैलीतल्या जुन्या युरोपीय चित्राची प्रत दिली होती. तीन चतुर्थांश चित्र काळं, उजेड फक्त देहावर आणि तो उचलणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर. आयोजक बाईंनी तो काळोख संगणकावर उजळून नवी प्रत छापली आणि भिंतीवर लावली. मागचं सगळं राखाडी झालं होतं आणि चेहरे पासपोर्टच्या फोटोसारखे दिसत होते. दुःख असं धुऊन काढायचा अधिकार यांना दिला कोणी?

“अंकल, लोक आधीच दुःखी आहेत, म्हणून थोडं ब्राइट केलं,” बाई म्हणाल्या. “फोटोतही छान येईल.”

या वेळी त्या गृहस्थांनी मताबिताचं काही काढलं नाही. “माझा सहकारी अजून सापडलेला नाही,” ते म्हणाले. “एवढा अंधार त्याच्यासाठी राहू द्या.”

“पण आता छापून झालंय ना,” म्हणत बाई निघून गेल्या.

गृहस्थांनी खुर्ची ओढली, वर चढून उजळलेली प्रत उतरवली आणि आपली काळी प्रत लावली. खुर्ची मी घट्ट धरून ठेवली होती.