गार्गीच्या दोन वेण्या

आधीच सांगतो, या ग्रुपवरच्या गोष्टी मी हसायला वाचायचो. भूत, चकवा, हडळ... यातलं काहीच मी मानत नव्हतो, आणि आजही 'मानतो' असं लिहायला हात धजत नाही. मी जबलपूरला लिफ्टच्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. "साहब, लिफ्ट अपने आप चौथे माले पे जाती है, वहाँ कोई मरा था" – अशा तक्रारी मला नेहमीच्या. दर वेळी कुठंतरी गंजलेला स्विच किंवा उंदरानं कुरतडलेली वायर निघते. इतक्या वर्षांत दुसरं काही निघालं नाही.

तरी लिहून राहिलोय, कारण घरात माझं ऐकायला कोणी तयार नाही आणि माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. आमची ही इथली तिसरी पिढी, त्यामुळे मराठी अशीच आहे. सांभाळून घ्या.

गोष्ट मागच्या जानेवारीतली. बायको, सीमा, नागपूरला गेली होती. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. रविवारी संध्याकाळी परत येणार होती. मुलं माझ्याकडं – गार्गी सात वर्षांची, आदू चार. तंबूत राहायला नेईन असं त्यांना वर्षभरापासून कबूल केलेलं. माझा एक मित्र तंबू, स्टोव्ह, स्लीपिंग बॅग सगळं घेऊन सोबत येणार होता. शनिवारी सकाळी त्याचा मेसेज – "यार, आज नहीं हो पाएगा." बस. कारणसुद्धा नाही.

सीमाला फोन केला तर म्हणाली, "मग नका जाऊ. तुमच्याच्यानं दोघं एकट्यानं नाही सांभाळली जाणार."

तिथंच माझं डोकं फिरलं. काहून नाही सांभाळली जाणार? माझी पोरं नाहीत का? घरात होतं ते गाडीत टाकलं – तंबूऐवजी निळी तिरपाल, म्हणजे ताडपत्री, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, दोन ब्लँकेट, एक पातेलं, डाळ-तांदूळ, टॉर्च, पाण्याचा कॅन – आणि निघालो. खरं सांगतो, मुलांच्या हौसेसाठी नाही, रागानं निघालो.

जागा जबलपूरजवळच्या पाटनच्या पुढं, हिरन नदीच्या काठी. ऑफिसमधल्या एकाचं तिथं शेत आहे. शेताच्या खाली बाभळी, मग ओली माती, मग नदी. जवळचं गाव पायी वीस मिनिटं. साडेतीनला पोचलो. मुलांना एका बाभळीखाली बसवलं आणि तिरपाल बांधायला घेतली. अर्धा तास गेला. एक टोक बांधलं की दुसरं सुटायचं. आदूला भूक लागलेली, तो एकसारखा रडून राहिला होता. शेवटी तिरपाल कशीबशी उभी केली, काड्या गोळा केल्या, तीन दगड मांडले – आणि माचीस नाही. गाडीत नाही, पिशवीत नाही.

गार्गी म्हणाली, "मम्मी होती तो नहीं भूलती."

मी तिच्या पाठीत रट्टा घातला.

हे मी सीमाला सांगितलेलं नाही. इथं पहिल्यांदा लिहितोय. जोरात लागला. ती रडली नाही, नुसती बघत राहिली, आणि ते बघणं मला आणखीच सहन झालं नाही. "इथून हलायचं नाही. नदीकडं तर बिलकुल जायचं नाही," एवढं बजावलं आणि माचीस आणायला गावाकडं पायी निघालो. गाडी होती. मुलांना गाडीत घालून नेता आलं असतं. पण मला त्यांच्यापासून लांब जायचं होतं. चार आणि सात वर्षांची लेकरं नदीकाठी एकटी सोडून बाप निघून गेला – खाली कमेंटमध्ये जे काय म्हणायचं ते म्हणा, मी वाचीन.

गावातल्या किराण्याच्या दुकानात एक बाई होती; येताना गाडीतली मुलं तिनं पाहिली होती. माचीस देताना म्हणाली, "बच्चे कहाँ हैं, भैया? अकेले छोड़ आए?" मी पैसे पुढं केले. तेवढ्यात सीमाचा फोन आला. खाली नदीजवळ रेंज नव्हती, गावात होती. दुकानासमोर उभ्या उभ्याच आमचं भांडण झालं. चार एक्कावन्नला सुरू झालेला कॉल, चौदा मिनिटांचा. माझ्या फोनमध्ये तो अजून आहे, मी जपून ठेवलाय. मुलं कुठं आहेत विचारलं तेव्हा मी म्हणालो, "इथंच आहेत, खेळत आहेत."

परत आलो तेव्हा उजेड होता. लांबूनच धूर दिसला. मी पळत सुटलो.

चूल पेटलेली होती. दगड मी मांडले तसेच, पण जाळ एकदम व्यवस्थित, जेवढा लागतो तेवढाच. पातेल्यात खिचडी होती, अर्धी संपलेली. मुलं पातेल्याच्या झाकणात घेऊन खात होती. तिरपाल – जी माझ्यानं नीट बांधली गेली नव्हती – ताणून बसवलेली, चारी गाठी एकसारख्या. आणि गार्गीचे केस, जे सकाळपासून मोकळे होते, त्यांच्या दोन वेण्या घातलेल्या. घट्ट, कानामागून. टोकाला दोरीचे उसवलेले धागे बांधलेले.

माझ्या खिशात माचीस होती. न उघडलेली.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

गार्गी हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय. "आप ही तो आए थे, बाबा."

"मी आत्ता आलोय."

"आप पहले भी आए थे. आग जलाई, पानी लाए, मेरी चोटी बनाई."

मी आवाज चढवून पुन्हा विचारलं. तेव्हा आदू ताईच्या मागं सरकला आणि हळूच तिला म्हणाला, "दीदी, गुस्से वाले बाबा फिर आ गए."

मला भीती वाटली नाही. लोक इथं लिहितात की अंगावर काटा आला, घशाला कोरड पडली. मला संताप आला. माझ्या पोरांजवळ कोणी तरी बसून गेला होता. मी ओरडत बाभळीत शिरलो – "कौन है? सामने आ!" – कोणी नाही. शेतात कोणी नाही. मग नदीच्या बाजूला गेलो. ओल्या मातीत बुटांचे ठसे होते, चुलीपासून पाण्यापर्यंत आणि परत. डाव्या टाचेला आडवी चीर. माझ्या बुटाला आहे तशीच. मी त्या बाजूला तोपर्यंत पाऊलही टाकलं नव्हतं. पाणी तर कॅनमध्ये आणलं होतं, आणि कॅन तसाच भरलेला होता.

उरलेली खिचडी मी मातीत ओतली. चूल लाथेनं उधळली, तिरपाल ओढून काढली. गार्गी रडायला लागली, "आपने ही तो बनाई थी." सहाच्या आत आम्ही रस्त्याला लागलो. मुलं मागच्या सीटवर झोपली. मी पूर्ण रस्ता आरशात बघत होतो.

रविवारी सीमा आली. बॅग ठेवली, गार्गीला जवळ घेतलं आणि वेण्यांवरून हात फिरवला. मग माझ्याकडं पाहिलं.

"या कोणी घातल्या?"

काय सांगणार? मी म्हणालो, मला माहीत नाही.

"पुरुषाचा हात नाही हा," ती म्हणाली. "कोण होती सोबत?"

मग मी सगळं सांगितलं, तो रट्टा सोडून. कॉल दाखवला. म्हणालो, बघ, त्याच वेळी मी तुझ्याशी बोलत होतो. ती शांतपणे म्हणाली, "हो. तुम्ही माझ्याशी बोलत होता, तेव्हा ती वेण्या घालत होती. पोरांना काय शिकवून ठेवलं, बाबा म्हणा म्हणून?"

तेव्हापासून आमच्या घरात हे आहे. सीमा रोज काही बोलत नाही. पण मला उशीर झाला की "अच्छा" म्हणते, एवढंच, आणि मला कळतं.

मार्चमध्ये मी एकटा परत गेलो. शेतवाल्याला विचारलं, तिकडं हिवाळ्यात कोणी फिरकत नाही म्हणाला. दुकानातल्या बाईला विचारलं. तिला मी आठवत होतो, दुसरं कोणी तिनं पाहिलं नव्हतं. नदीकाठी दुपारपासून दिवस मावळेपर्यंत बसलो. जाताना बाभळींकडं तोंड करून शिव्या घातल्या. मूर्खासारखं वाटलं.

तुम्ही म्हणाल, काही वाईट तर केलं नाही ना त्यानं? खाऊ घातलं, ऊब दिली, मग राग कशाचा? तर तेही सांगतो. गेल्या महिन्यात मी हिंमत करून गार्गीला एकटीला बसवलं. म्हटलं, "बेटा, त्या दिवशी मी तुला मारलं. चुकलं माझं. सॉरी."

ती चित्राला रंग देत होती. मान वर न करता म्हणाली, "आपने तो उसी दिन बोल दिया था, बाबा. चोटी बनाते टाइम."

माझी माफीसुद्धा तो मागून गेला होता, आणि तिनं त्याला ती देऊनही टाकली होती. माझ्या नावावर. माझ्यासाठी काही उरलंच नाही.

कारण माझ्याकडं नाही. कोणाकडं असेल तर सांगा, पण "मुलांची कल्पना" म्हणू नका. चार वर्षांच्या पोराच्या कल्पनेनं डाळ शिजत नाही.

आणि एक. हल्ली घरात माझा आवाज चढला की गार्गी दुसऱ्या खोलीत निघून जाते. आदू जात नाही. तो रडतही नाही, माझ्याकडं बघतही नाही. माझ्या खांद्यावरून मागं, दाराकडं बघत राहतो. परवा मी बोलता बोलता थांबलो आणि वळून पाहिलं. दार बंद होतं.

"काय बघतोस?" मी विचारलं.

"कुछ नहीं," तो म्हणाला. "अभी नहीं आए."