पर्सनल आणि पर्सोनेल

पर्सनल म्हणजे खासगी आणि पर्सोनेल म्हणजे नोकरमाणसं, हा फरक पेणच्या शाळेत बाईंनी माझ्याकडून घोटून घेतला होता. शब्द मला चोख ठाऊक होते. माणूस ओळखायला चुकले, त्याला बाई काय करणार?

रोह्याच्या एका कंपनीत मी लॅबमध्ये होते, सात वर्षं कंत्राटावर. तिथला पर्सोनेलचा साहेब माझ्या माहेरचा, गागोद्याजवळच्या आमच्या गावातला. माहेरच्या गावचा पुरुष म्हणजे भाऊ, नातं असो नसो, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे तो सगळ्यांचा साहेब आणि माझा दादा. दर सोमवारी गावाहून येताना आईने दिलेले वाल, तांदळाचं पीठ घेऊन यायचा. "कशी हायस गो?" म्हणायचा. माहेरचं माणूस दिसलं की आम्हा बायकांची जीभ सैल सुटते. आपण कुठे बसलोय याचं भान राहत नाही.

त्या वर्षी पर्मनंटची लिस्ट लागणार होती. माझं नाव नक्की, असं सगळेच म्हणत होते. अशात एका सोमवारी त्याच्या टेबलासमोर बसून मी रडले. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही, आता पनवेलला उपचार सुरू करतेय, नवरा सोडून कुणाला ठाऊक नाही. "आईला सांगू नको हां दादा, काळजीने खंगेल ती."

"येडी काय गो? माझ्या पोटात राहील."

लिस्ट लागली. माझं नाव नव्हतं. मी मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी फाइल उघडून वाचलं: उपचार चालू, लांब रजेची शक्यता, तूर्त विचार नको. खाली दादाची सही.

केसाने गळा कापला मेल्याने! तशीच त्याच्या टेबलापाशी गेले. "दादा, ते मी तुला सांगितलं होतं. कंपनीला नाय."

त्याने मान वर केली नाही. "माझं कामच हाय ते. तू हापिसात बसून सांगितलंस. आणि आईला नाय सांगितलं ना मी? शब्द पाळला."

खरंच पाळला होता.

संध्याकाळी वरसेला घरी पोचते तोच आईचा फोन. "लिस्ट लागली काय गो? दादाच्या कानावर घालून ठेव हां, आपला मानूस हाय."

नाव का नाही हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. "नाय आई, अजून नाय लागली," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा आईशी खोटं बोलले.